सरांच्या बुटाचा सोल

आमच्या दुकानात माझं काम सोपं आहे. बूट घ्यायचे, उलटे करून बघायचे, वास आला तरी नाक मुरडायचं नाही आणि विचारायचं, "कधी हवेत?" गिऱ्हाईक सांगेल तो वार चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी नाडीला बांधायची आणि बूट आत ह्यांच्याकडे सरकवायचे. पुढचं सगळं हे बघतात. एकतीस वर्षं झाली. जिन्याखालची खोली आहे, खिडकी एकच आणि तीही रस्त्याच्या उंचीला, त्यामुळे आम्हाला माणसं गुडघ्यापर्यंतच दिसतात. ह्यांना तेवढं पुरतं. "पोस्टातल्या बाई चालल्या, डावी टाच अजून घासतायत," म्हणायचं आणि पुन्हा मान खाली. मी म्हणते, उद्या मी घरातून निघून गेले तर पोलिसांना हे माझा चेहरा सांगू शकणार नाहीत, चपलेचं माप सांगतील.

गावापासून बसनं दोन तासांवर नॅशनल पार्कचं फाटक आहे. त्यामुळे डोंगर चढणारे सगळे आमच्याकडे यायचे. हे जन्मात कधी वर गेले नव्हते, पण नुसता सोल बघून सांगायचे, हा तळ्याकडून आलाय, चिखल काळा आहे. हा खिंडीतून आलाय, कडा दगडानं कापल्यात. लोक तोंडात बोट घालायचे. ह्यांना त्याचा गर्व होता आणि का नसावा? हातातली विद्या होती.

त्या लोकांत सर होते. शाळेत भूगोल शिकवायचे, सुट्टी लागली की पोरांची रांग घेऊन डोंगरात जायचे. वीस वर्षं आमच्याकडे येत होते. बूट टाकायला आले की स्टुलावर बसायचे, चहा घ्यायचे आणि ह्यांना म्हणायचे, "तुम्ही एकदा वर चला हो." हे म्हणायचे, "तुम्ही जाता ना, तुमच्या सोलावर मी जातोच."

दोन वर्षांपूर्वी मंगळवारी सरांच्या बुटांना ह्यांनी नवे सोल लावले आणि रविवारी खिंडीत उजव्या बुटाचा सोल पुढून उघडला. दगडात अडकला, सर पडले, गुडघा तीन ठिकाणी मोडला. दोन ऑपरेशनं झाली. हातात काठी आली, डोंगर सुटला. हे फळं घेऊन भेटायला गेले तर सरांच्या बायकोनं दारातच पिशवी घेतली. "त्यांना झोप लागलीय," म्हणाल्या. पुन्हा गेले, पुन्हा झोप. तिसऱ्यांदा हे गेले नाहीत. सरांनी कुणाकडे ह्यांच्याबद्दल वाईट शब्द काढला नाही, तेच जास्त लागलं. शिवी दिली असती तर उत्तर देता आलं असतं. शब्द काढायला बाकीचं गाव होतंच की. बूटवाल्यानं सरांचा पाय घालवला, हे मी भाजीच्या दुकानात माझ्या कानांनी ऐकलं आणि हातातली पिशवी तिथंच ठेवून परत आले.

मग डोंगराचे बूट यायचे कमी झाले. जे आले ते ह्यांनीच परत पाठवले. चेन बदलायची, पर्सचा पट्टा शिवायचा, टाच ठोकायची, एवढंच काम उरलं. मला दिसायचं, हे काम करता करता थांबतात आणि उजवा हात उलटा-सुलटा करून बघतात. एकदा विचारलंच त्यांनी, "माझा हात चुकला असेल का गं?"

"नाही," मी म्हणाले.

"तू काय, बायको आहेस."

मला इतका राग आला की त्या दिवशी मी बोलले नाही. राग त्यांचा नव्हता. खरंच, मी बायको होते आणि माझ्या नाहीला काही किंमत नव्हती.

या वर्षी बर्फ वितळल्यावर एक दिवस बघते तर ह्यांनी वरच्या फळीवरून बुटांचे दोन जोड काढलेले. कुणीतरी टाकून गेलेले, वर्षानुवर्षं न्यायला कुणी न आलेले. रापीच्या पात्यानं जुने सोल उपटले आणि नवे बसवायला घेतले. तोच सोल, चिकटवायच्या सोल्युशनचा तोच डबा, दाबून ठेवायची तीच वेळ. एक जोड ह्यांच्या मापाचा होता.

"सर गेले त्याच वाटेनं जायचं," म्हणाले. "त्याच लॉजवर राहायचं, त्याच खिंडीत जाऊन उभं राहायचं. सोल टिकला तर माझा हात चुकला नव्हता. निघाला तर दुकान बंद."

"आणि तुम्ही पडलात तर?"

"तर कळेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकसष्टाव्या वर्षी हा माणूस स्वतःच्या पायांवर परीक्षा घ्यायला निघाला होता. पण हे बोलतात तसं करतात. थोरल्या मेहुण्याकडे जेवणार नाही म्हणाले, त्याला अठरा वर्षं झाली, अजून पाणीसुद्धा प्यायलेले नाहीत. तेव्हा दुकान बंद म्हणजे बंद. मी विचारलं, "दुसरा जोड कुणाचा?"

"तुझा. तू येणार नाहीस असं धरलंच नाही मी."

दोन महिने आम्ही पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढलो-उतरलो. लोक बघायचे. बघू देत.

पार्कच्या फाटकावरचा गार्ड आम्हाला बघून हसला. "काका, तळ्यापर्यंत जा आणि परत या. फोटो छान येतात."

"आम्हाला फोटो नको," हे म्हणाले. "आम्हाला खिंड हवी."

पाच तासांची वाट आम्ही सात तासांत चाललो. आधी पाइनचं दाट जंगल, मग झाडं बुटकी होत होत कमरेएवढी झाली, मग झाडंच संपली. नुसतं गवत, दगड आणि सावलीत उरलेला मळकट बर्फ. दोनदा ओढा ओलांडला, बुटांत पाणी गेलं. दर तासाला हे दगडावर बसायचे, पाय मांडीवर घ्यायचे आणि सोलाच्या टोकाला अंगठ्याचं नख घालून बघायचे. नख आत जात नव्हतं. मग माझा पाय ओढायचे, माझंही बघायचे. समोरून येणाऱ्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याला बायकोचे पाय चेपायची भारी हौस.

दुपार कलताना लॉज आला. दोघांची खोली, खिडकीसकट, अशी आमची नोंद केलेली होती. काउंटरला मॅनेजर बाई होत्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. म्हणाल्या, "दोघांची खोली? ती आता सामानाला वापरतो आम्ही." ह्यांना पुरुषांच्या हॉलमध्ये शिडीवरचा पलंग मिळाला, मला स्वयंपाकघरामागे बायकांच्या खोलीत. माझ्या गादीत आधीच्या माणसाचा खड्डा जसाच्या तसा होता. गरम पाणी माणशी तीन मिनिटं. माझ्या डोक्याला साबण लागलेला असताना नळानं मान टाकली, डोकं गार पाण्यानं धुवेपर्यंत सहा वाजून पाच मिनिटं झाली आणि जेवण सहालाच होतं. सूपचं भांडं माझ्या डोळ्यांसमोरून उचलून नेलं. भिंतीवर नियमांचा फळा होता, सत्तावीस नियम. मी सगळे वाचले, दुसरं करायला काही नव्हतंच.

चौथा नियम असा की, बूट घालून आत यायचं नाही. बूट बुटांच्या खोलीत द्यायचे, तिला संध्याकाळी सातला कुलूप लागणार, ते सकाळी सहाला उघडणार. आत घालायला रबरी चपला मिळायच्या. मला मिळालेल्या दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या.

"दोन डाव्या पायांची बाई अजून जन्माला यायची आहे," मी म्हणाले.

"तक्रारवही आहे ना तिथं," मॅनेजर बाई म्हणाल्या. वही होती. पेनाची नुसती दोरी होती.

ह्यांनी आपले बूट मुकाट्यानं देऊन टाकले. "सरांनीही दिले असतील. सरांनी केलं तेच करायचं." मी मात्र दिले नाहीत. उगाच शहाणपणा सांगणार नाही, माझ्या डोक्यात काही हुशारी नव्हती. नुसता राग होता. खोली घेतली, पाणी घेतलं, सूप घेतलं, वर दोन डाव्या चपला दिल्या, आता माझे बूट नाही देणार जा. उशीचा अभ्रा काढला, ओले बूट त्यात कोंबले आणि पलंगाखाली सारले. उशी बिनअभ्र्याची घेतली.

सकाळी सहाला कुलूप निघालं. मी पॅसेजमध्ये बाकावर बसले होते. हे बूट हातात धरून बाहेर आले आणि माझ्या शेजारी बसले. चेहरा बघूनच मला कळलं. त्यांनी उजवा बूट उलटा केला. टोकाला फट होती. नख गेलं, मग बोटाचं पेर गेलं. डाव्याचंही तेच.

"निघाला," म्हणाले. "दुकान बंद."

आवाज चढवला नाही, काही नाही. भाव सांगावा तसं म्हणाले. ह्यांच्या पाठीवर मी हात ठेवला नाही, ठेवला असता तर मीच रडले असते. आता खाली उतरायचं म्हणून मी अभ्र्यातून माझे बूट काढले. अजून ओले होते, कुबट वास येत होता. पाय घालणार तेवढ्यात ह्यांनी सवयीनं माझा बूट ओढला, उलटा केला, टोकाला नख लावलं. नख गेलं नाही. पुन्हा लावलं. दुसरा बूट घेतला. तिथंही गेलं नाही.

"हे कुठं होते?"

"पलंगाखाली. अभ्र्यात."

"त्या खोलीत नव्हते?"

"नव्हते. बाईंना दिलेच नाहीत मी."

हे तसेच मोज्यांवर उठले आणि बुटांच्या खोलीत शिरले, मागोमाग मी. भिंतीच्या कडेनं मनगटाएवढा जाड पाइप गेलेला होता आणि त्यावर सगळ्यांचे बूट ओळीनं टेकवलेले, टोकं पाइपाला चिकटलेली. ह्यांनी पाइपावर हात ठेवला आणि झटकन काढला. मग ओळीतला पहिला बूट घेऊन टोक दाबलं. फट. दुसरा घेतला. सगळेच उघडलेले नव्हते, पण जे उघडले होते ते त्याच जागी, टोकाला, जिथं पाइप लागत होता.

"सोल्युशन," मला म्हणाले. "गरम लागलं की सुटतं. आपण डबा उन्हातसुद्धा ठेवत नाही."

तेवढ्यात मॅनेजर बाई किल्ल्या वाजवत आल्या. "लोकांच्या बुटांना हात लावायचा नाही. नियम आहे."

ह्यांनी नियमाचं काही विचारलं नाही. "हा पाइप कधी बसवला?"

बाईंची छाती फुगली. "तीन वर्षं होतील. लोक ओल्या बुटांची तक्रार करायचे. आता सकाळी कसे खडखडीत मिळतात."

हे खाली बसले. सर पडले त्याला दोन वर्षं झाली होती. मी बाईंना म्हणाले, "या पाइपावर हात ठेवून दाखवा."

"कशाला?"

"ठेवा तरी."

त्यांनी ठेवला आणि लगेच उचलला. "कोमट आहे," म्हणाल्या, तळवा एप्रनमध्ये दाबत.

"तुमच्या कोमट पाइपानं एका माणसाचा गुडघा मोडला," मी म्हणाले, "आणि दुसऱ्याचं दुकान मोडत आणलं. हे लिहा तुमच्या फळ्यावर, अठ्ठाविसावा नियम म्हणून."

बाई लालबुंद झाल्या. ह्यांच्या बुटांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "असले बूट घालून तुम्हाला वर जाता येणार नाही. तुम्ही खाली परत जायचं. मी फाटकावर फोन करते."

"करा," हे म्हणाले. "फोन लागेपर्यंत माझं शिवून होईल."

बाकीची माणसं खिशात रुमाल ठेवतात, आमचे हे आरी आणि दोरा ठेवतात. या वाटेवर वापरणार नाही म्हणाले होते, पण आरी घरी ठेवणं जमलं नव्हतं. लॉजमध्ये हत्यार चालत नाही हाही एक नियम होता, म्हणून हे दाराबाहेर पायरीवर जाऊन बसले. दोऱ्याला मेण फासलं, आरी सोलात घातली आणि टोकाभोवती एकेक टाका ओढत गेले. मी शेजारी बसले होते. अर्धा बूट झाल्यावर म्हणाले, "सरांच्या बुटाला मी टाका घातला नव्हता."

"कोण घालतं हल्ली?"

"मी घालायचो. मग सोल्युशन चांगलं यायला लागलं आणि मी सोडून दिलं. टाका असता तर पाइप किती का तापेना, सोल निघाला नसता."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. दोन वर्षं डोक्यावर ओझं घेऊन हिंडले, आता कुठं ते उतरवायला जागा सापडली, तर ह्यांनी त्यातलं अर्धं उचलून परत डोक्यावर घेतलं. "तुम्हाला सुखानं निर्दोष होतासुद्धा येत नाही," मी म्हणाले. हे हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा हसले.

एक उंच मुलगी आपले बूट घेऊन पायरीशी आली. टोकाला फट होती. "काका, माझेही कराल?" तिच्यामागे आणखी दोघं, मग एक जोडपं. मी माझं काम सुरू केलं. "कधी हवेत?" विचारलं. सगळ्यांना आत्ताच हवे होते. नऊ वाजेपर्यंत शिवणकाम चाललं आणि मॅनेजर बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. फोन केला नाही. त्या मुलीनं तक्रारवही मागितली, स्वतःचं पेन काढलं आणि पायरीवरच बसून पानभर लिहिलं. बाकीच्यांनी खाली सह्या केल्या. आम्ही निघालो तेव्हा बाई माझ्यामागे आल्या आणि उजव्या पायाची एक रबरी चप्पल पुढे केली. "सापडली," म्हणाल्या. मी म्हणाले, "ठेवा, पुढच्या बाईला द्या."

खिंडीपर्यंत दोन तास लागतात म्हणतात. आम्हाला साडेतीन लागले, शेवटचं तर मी दगडांना धरून धरून चढले. वर एक लोखंडी खांब आहे आणि वारा असा की कानात दुसरं काही शिरत नाही. सर खांबाच्या अलीकडे चपट्या दगडापाशी पडले होते, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. हे बरोबर त्या दगडावर जाऊन उभे राहिले. उजवा पाय उचलला आणि दगडावर आपटला. तीनदा. मग मोठ्यानं म्हणाले, "माझा हात चुकला नव्हता."

समोर ऐकायला डोंगर आणि मी. मला रडू आलं.

"रडतेस कशाला?"

"वारा आहे," मी म्हणाले.

गावी परतल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही सरांकडे गेलो. अंग इतकं दुखत होतं की त्यांच्या जिन्यात दोनदा थांबलो. दोन्ही जोड चिखलासकट पिशवीत होते. सरांच्या बायकोनं दार उघडलं आणि आम्हाला बघून आवाज खाली आणला. "त्यांना झोप लागलीय."

मी दारात पाय घातला. "मग उठवा."

सर जागेच होते, खिडकीशी. वाळले होते. काठी खुर्चीला टेकवलेली. ह्यांनी काही प्रस्तावना केली नाही. पेपर पसरला, त्यावर माझे बूट ठेवले, शेजारी आपले ठेवले आणि सांगितलं. एकच डबा, एकच दिवस, एकच हात. माझे रात्रभर पाइपावर होते, हिचे नव्हते. सरांनी ह्यांचा बूट उचलला, टाक्यांच्या मागची फट बघितली, मग माझ्या बुटाचं टोक अंगठ्यानं दाबलं. बराच वेळ दाबत राहिले.

"त्या खोलीत मी उशिरा पोचलो होतो," शेवटी म्हणाले. "जागा नव्हती. मीच दुसऱ्यांचे बूट सरकवले आणि माझे पाइपाच्या सुरुवातीला ठेवले, जिथं सगळ्यात गरम असतं तिथं. सकाळी पायाला ऊब लागली तर केवढं बरं वाटलं होतं." मग ह्यांच्याकडे न बघता म्हणाले, "मी दार उघडायला हवं होतं."

"हवं होतं," हे म्हणाले. "झालं ते ठीक आहे असं मी म्हणणार नाही, सर. दोन वर्षं गेली माझी." मग म्हणाले, "आणि मी टाका घालायला हवा होता."

सरांच्या बायको आत गेल्या आणि माळ्यावरून एक कापडी पिशवी काढून घेऊन आल्या. सरांचे बूट होते, उजव्याचा सोल अजून लोंबत होता. टाकले नव्हते त्यांनी. ह्यांनी बूट मांडीवर घेतले आणि कडेवरून बोट फिरवत टाके कुठून कुठं जातील ते बघायला लागले.

मी पर्समधून चिठ्ठी काढली. पेन काढलं. "सर, कधी हवेत?"

सर कसनुसं हसले. गुडघ्यावर हात ठेवला. "मला आता कुठं जायचंय? डॉक्टर नाही म्हणालेत."

"डॉक्टरांना नाही विचारलं, सर," मी म्हणाले. "तुम्हाला विचारलं. कधी हवेत?"

सरांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान वर केली नाही, बोट कडेवरून फिरतच होतं.

"पुढच्या उन्हाळ्यात," सर म्हणाले.

मी तसं लिहिलं आणि चिठ्ठी नाडीला बांधली.